टेकडीवर कुत्रा यावा, पण पट्ट्यातच

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पुण्याच्या वेताळ टेकडीवर कुत्र्यांना सरसकट बंदी घालावी, असे सकाळी फिरायला येणारे बरेच जण आता उघडपणे म्हणू लागले आहेत. त्यांत माझ्या ओळखीची, मला ज्यांच्याविषयी आदर आहे अशी वयस्कर मंडळीही आहेत. त्यांचा राग मला समजतो. तरीही बंदीला माझा विरोध आहे. आम्ही काही जण कुत्र्यांना पट्ट्यात ठेवून गटाने टेकडी चढतो. त्याची एक शिस्त आम्ही बसवली आहे आणि ती पाळली जाते, हा माझा रोजचा अनुभव आहे.

लोकांच्या तक्रारी नीट ऐकल्या तर त्या जवळजवळ सगळ्या मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यांच्या असतात. पायथ्याशी गाडीचे दार उघडायचे, पट्टा काढून मनगटाला गुंडाळायचा आणि कुत्र्याला पुढे पळू द्यायचे, हे सर्रास चालते. काठी टेकत उतरणारे आजोबा जागीच थबकतात, एखादे लहान मूल आईच्या मागे लपते आणि मालक लांबूनच ओरडून सांगतात, "घाबरू नका हो, काही करत नाही तो!" तो चावत नसेलही. पण गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला सुट्या मुरमावर तीस किलोच्या लॅब्रॅडॉरने प्रेमाने मारलेली उडीसुद्धा महागात पडते.

या मोकळ्या कुत्र्यांचा जाच आम्हालाही होतो. एखादा कुत्रा सुसाट अंगावर आला की पट्ट्यातल्या कुत्र्याला मागे सरता येत नाही की वळसा घालून बाजूला होता येत नाही. तो घाबरून गुरगुरतो आणि बघणारे म्हणतात, बांधलेलाच जास्त चिडका दिसतोय. अशाच एका गोंधळात पट्टा पायात अडकून आमच्या गटातल्या एका ताई पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. ज्यांचा कुत्रा धावून आला होता ते गृहस्थ तोवर पुढच्या वळणावर गेले होते.

पण माणसे निदान तक्रार तरी करू शकतात. मला जास्त काळजी वाटते ती जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची. टिटवी काड्या गोळा करून घरटे बांधत नाही. मोकळ्या माळावर, खड्यांमध्ये जरासा खळगा करून त्यात ती तीन-चार अंडी घालते. मातकट रंग, त्यावर काळपट ठिपके; दोन हात अंतरावरून पाहिले तरी दगडच वाटतात. रातवा तर जमिनीवरच, पाचोळ्यात अंडी ठेवतो. तित्तर झुडपाच्या बुडाशी आणि लांडोर पावसाळ्यात झाडोऱ्याच्या आडोशाला. आपल्या नजरेला यातले काही दिसत नाही, कुत्र्याच्या नाकाला मात्र लगेच कळते. त्याने अंडे तोंडात धरायलाच हवे असेही नाही. तो नुसता आसपास हुंगत फिरला तरी टिटवी उठते, त्याच्यावर झेपा घेत ओरडत राहते आणि तेवढा वेळ अंडी उघडी पडतात. भर उन्हाळ्यात ती अंड्यांवर बसते ती ऊब देण्यापेक्षा सावली देण्यासाठी. पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. एप्रिल-मेच्या तापलेल्या खडकावर पाखरू पुन्हा पुन्हा उठवले गेले तर त्या अंड्यांचे काय होत असेल, हे सांगायला नको. कुत्रा सहा फुटांच्या पट्ट्यात आणि मालक पाऊलवाटेवर असेल, तर हे बहुतेक सगळे टळते. घोणशीचा धोकाही त्याने कमी होतो. गवतात नाक खुपसणाऱ्या कुत्र्याला ती दिसत नाही आणि दंश झाल्यावर त्याला उचलून खाली आणेपर्यंत मोलाचा वेळ जातो.

आमची पद्धत साधी आहे. एका माणसाकडे एकच कुत्रा, आणि गटात सहा-सातच्या वर कुत्री नाहीत. पट्टा साधा, ठरावीक लांबीचा. बटण दाबले की पंधरा फूट सुटत जाणारा दोरीचा पट्टा आम्ही चालवून घेत नाही, कारण अरुंद वाटेवर तो असून नसल्यासारखाच. कुत्र्यांमध्ये चार-पाच पावलांचे अंतर ठेवायचे. समोरून कुणी आले की पुढचा हाक देतो, सगळे एका कडेला होतात, पट्टा आखडून घेतात, आणि वाटेच्या बाजूला माणूस, पलीकडे कुत्रा असे उभे राहतात. माणसे पुढे गेल्याशिवाय कुणी हलत नाही. धनगराची मेंढरे दिसली तर आम्ही सरळ मागे फिरून दुसरी वाट धरतो, कारण सगळ्यांत शहाण्या कुत्र्याचीही तिथे खात्री देता येत नाही. माजावर आलेली कुत्री घरी राहते. रेबीजची आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस झालेली नसेल त्याला गटात घेत नाही. 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांतल्या काहींमध्ये डिस्टेंपरचाच विषाणू सापडला. पाळीव कुत्र्याची लस जंगलातल्या जनावरांसाठीही का महत्त्वाची असते, ते नव्या सभासदांना पटवताना आम्हाला हे उदाहरण पुरते.

एकट्याने फिरणारा माणूस 'आज कुणी नाही, सोडू जरा' असे म्हणून पट्टा काढतो. गटात तसे होत नाही. शेजारचा लगेच टोकतो, आणि टोकणारा ओळखीचा असल्यामुळे भांडणही होत नाही. वनरक्षक प्रत्येक वळणावर उभा राहू शकत नाही. तिथे गटाची नजर कामाला येते. म्हणूनच कुत्र्यांसह गटाने चालण्याला अटकाव करण्याऐवजी त्याला उत्तेजन द्यावे, असे मला मनापासून वाटते.

विष्ठेबद्दल स्पष्टच लिहिते. "शेणासारखे खतच होते ना" हे मी अनेकदा ऐकले आहे. ते खरे नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत जातात आणि पुष्कळ दिवस टिकतात. त्याच मातीत मुले खेळतात. विष्ठा उचलून पिशवीत बांधायची आणि खाली घेऊन यायची. पिशवी बांधून झाडाच्या फांदीला अडकवून जाणारे तर अधिक नुकसान करतात, कारण विष्ठा कधीतरी कुजेल, प्लास्टिक तिथेच राहील.

सगळीकडे कुत्रा न्यायलाच हवा, असा आमचा हट्ट नाही. भीमाशंकर किंवा सुप्याजवळचे मयूरेश्वर ही अभयारण्ये आहेत. तिथे पट्ट्यातही कुत्रा नेऊ नये, नुसत्या वासानेही मयूरेश्वरमधला चिंकारा बिथरतो. सिंहगडाच्या आतकरवाडीकडच्या वाटेवर रविवारी माणसांनाच पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आम्ही आडवारी जातो. मार्चनंतर तर सूर्य वर यायच्या आत खाली उतरलेले बरे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो शरीर गार ठेवतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही धड जमत नाही. काळ्या कातळावर आपला तळहात टेकवून पाहावा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही.

कायदा आजही आहे. पाळीव प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र कुणी पडल्यावर किंवा चावा बसल्यावर पोलिसांत जाण्यापेक्षा आधीच काळजी घेणे सोपे आहे. टेकडीच्या प्रत्येक प्रवेशाशी ठळक मराठीत पाटी लागावी, की कुत्रा पूर्ण वेळ पट्ट्यात हवा, अगदी माथ्यावरच्या वेताळाच्या देवळापाशीसुद्धा. पट्टा काढणाऱ्याला जागेवर दंड व्हावा. पायथ्याशी झाकणाची कचरापेटी ठेवावी. विणीच्या काळात माळाचे काही पट्टे कुत्र्यांसाठी बंद ठेवावेत; कोणते, ते पक्षी-अभ्यासकांना विचारून वन विभागाने ठरवावे. त्या पट्ट्यांवर आम्ही कुत्री नेणार नाहीच, शिवाय बाकीच्यांना समजावण्यासाठी सकाळी प्रवेशाशी आळीपाळीने थांबण्याचीही आमची तयारी आहे. टिटवीची वीण उन्हाळ्यातच सुरू होते, त्यामुळे या विषयावरची बैठक मार्चच्या आत व्हावी, ही वन विभागाला आणि महापालिकेला विनंती.

कळावे,

एक वाचक
कोथरूड, पुणे