ती राजाची मिरवणूक नव्हे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सांचीच्या बौद्ध स्तूपाच्या पूर्व तोरणाचा, म्हणजे कोरीव दगडी प्रवेशद्वाराचा, फोटो होता. खाली छापलं होतं, 'राजाची मिरवणूक'. मी पाथरवटाचा मुलगा, चाळीस वर्षं मीही छिन्नी-हातोडाच धरला. ती ओळ वाचून गप्प बसवेना.

घोड्याच्या पाठीवर कुणीच नाही, छत्र मात्र धरलंय. बिनराजाची मिरवणूक कशी असेल? तो सिद्धार्थाचा घोडा कंथक आहे, छत्र धरणारा त्याचा सारथी छन्न. सिद्धार्थ घर सोडून निघालाय. त्या काळी, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, सांचीला बुद्धांना मनुष्यरूपात कोरत नसत. ती रिकामी पाठ म्हणजेच सिद्धार्थ. टापांचा आवाज होऊ नये म्हणून देवांनी घोड्याचे पाय हातांवर झेललेत.

तोरणाची ही मधली आडवी तुळई डावीकडून वाचायची. आधी सिद्धार्थाच्या कपिलवस्तू नगराची वेस, मग एकामागे एक चार घोडे दिसतात. ते चार नाहीत, एकाच कंथकाची वाटचाल आहे. मध्ये कठड्याच्या आत जांभळाचं झाड. उजव्या टोकाला दोन पावलं, त्यावर छत्र आणि समोर गुडघे टेकलेला छन्न. तिथून घोडा माघारी वळतो, तेव्हा त्याच्यावर छत्र नाही. धनी पायी पुढं गेला, छत्र पावलांवर राहिलं. एक शब्द न लिहिता हे दगडात सांगणारा कारागीर किती मोठा असेल! मी तिथं तासभर मान वर करून उभा होतो.

दक्षिण तोरणावर तर लेखच आहे: 'वेदिसकेहि दंतकारेहि रूपकंमं कतं', विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे काम केलं. त्याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुख्य, वासिष्ठीपुत्र आनंद, याच्या दानाची नोंद आहे. सातकर्णी हा सातवाहन घराण्यातला, आणि सातवाहन म्हणजे आपल्या नाणेघाटातल्या लेखांमधलेच.

आपल्या फोटोत नेमकं उजवं टोक कापलं गेलंय. पावलंच नाहीत, मग वाचकाला गोष्ट कळणार कशी? आमच्या गल्लीतल्या विहारात मुलं पुरवणीतली चित्रं कापून फलकावर लावतात. हेही लागलं, त्या ओळीसकट. मी शेजारी कोरा कागद चिकटवून पेन्सिलीनं पावलं आणि छत्र काढून दिलंय. येत्या रविवारी पूर्ण तुळईचा फोटो 'सिद्धार्थाचा गृहत्याग' अशी ओळ देऊन छापावा, म्हणजे मुलांना तो कागद काढून टाकता येईल.

आपला,
एक निवृत्त मूर्तिकार, जि. सातारा