मापात पाप : आमच्या प्रभागाच्या भाऊंना खुलं पत्र

भाऊ,

नमस्कार. नावाआधी 'मा.' लिहायची रीत आहे, म्हणून लिहायला घेतलं आणि थांबले. माननीय की माजी? ते तुम्हीच ठरवा. ते ठरलं की अर्ध्या पत्राचं उत्तर आपोआप मिळेल.

परवा रविवारी, ४ जानेवारी २०२६ ला, महापालिकेच्या निवडणुकीच्या प्रचाराला तुम्ही आमच्या गल्लीत आलात. ढोल होता, पंधरा-वीस पोरं होती, आणि पुढे उलट्या पावलांनी चालत मोबाइलवर तुमचं शूटिंग करणारा एक मुलगा. मी दारात खुर्चीवर बसले होते, उजवा पाय स्टुलावर, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. तुम्ही पाया पडायला वाकलात, प्लास्टर बघितलंत आणि हात मागे घेतलात. "मावशी, हे काय करून घेतलंत?" असं विचारलंत. करून घेतलंत! मी तोंड उघडेपर्यंत कुणीतरी "भाऊ, पुढचं घर" म्हणालं आणि माझ्या मांडीवर तुमचा कार्य अहवाल पडला.

मला सध्या उठता येत नाही, म्हणून तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. इतका मन लावून तो तुमच्या घरातही कुणी वाचला नसेल. सातव्या पानावर आमची गल्ली आहे. 'भूमिगत गटार वाहिनी : काम पूर्ण' असं लिहिलंय, शेजारी फोटो आहे, फोटोत सपाट काँक्रीट आणि माझ्या घराचा दरवाजा. त्या दरवाजासमोर आज, हे लिहिताना, कमरेइतका खोल चर आहे. मग फोटो कुठला? फोटोतला माझा दरवाजा हिरवा आहे. दसऱ्याला मी तो निळा रंगवून घेतला. चर खणला दिवाळीच्या आठ दिवस आधी. म्हणजे खणायच्या आधीचा धड रस्ता तुम्ही काम झाल्यावरचा म्हणून छापलात. आम्ही शिंपी माणसं, भाऊ. न शिवलेलं कापड घडी घालून 'ब्लाउज तयार' म्हणून दिलं, तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेतं.

त्याच चरात मी पडले. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, रात्री साडेआठ. खांबावरचा दिवा चर खणला तेव्हापासूनच बंद, कारण केबल तुटली होती. बॅरिकेड म्हणून एका टोकाला झाडाची फांदी आणि तिला बांधलेली लाल चिंधी. चिंधीसुद्धा माझ्याच दुकानातली. मुकादम मागून घेऊन गेला होता. आडवी टाकलेली फळी सरकली, घोटा दोन ठिकाणी मोडला, आत प्लेट आणि सहा स्क्रू बसवलेत. गेली दहा वर्षं भरत होते ती भिशी उचलून दवाखान्याचं बिल भागवलं.

उजवा पाय म्हणजे माझ्यासाठी काय, हे तुम्हाला सांगायला नको होतं. पायडलवर तोच पाय असतो. तुळशीची लग्नं लागली की आमचा हंगाम सुरू होतो. लग्नघरांतले सव्वीस ब्लाउज घेतले होते, त्यातले एकोणीस कापलेले. कापलेलं कापड परत देताना काय वाटतं ते कुठल्या शब्दांत सांगू? एका मुलीची आई म्हणाली, "जाऊ द्या हो, तुमचा काय दोष." ती गेल्यावर मी रडले. घोटा मोडला तेव्हा रडले नव्हते. मुलगा म्हणतो मशीनला मोटर बसवू, पाय लागणार नाही. बसवू. पण मोटरही पायानेच दाबायची असते, हे त्याला कुठे माहीत!

असो. तुमच्याकडे वळते.

पडायच्या आधी त्या चरासाठी मी तुमच्या संपर्क कार्यालयात पाच वेळा आले. पाचही वेळा एकच उत्तर : "मावशी, २०२२ पासून प्रशासक आहे, सभागृहच नाही, भाऊंच्या हातात काही नाही." मी विश्वास ठेवला, कारण ते खोटं नव्हतं. २०१७ ला तुम्ही निवडून आलात, मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, पुढे जवळजवळ चार वर्षं नगरसेवक म्हणून कुणीच नव्हतं. पण मग या अहवालात 'सन २०२२ ते २०२५ मधील विकासकामे' अशी तेरा पानं कुठून आली? रस्ते, दिवे, कमान, बाक, ओपन जिम, आणि प्रत्येक फोटोत फीत कापताना तुम्ही. हातात काही नव्हतं म्हणता, तर ती कात्री कुणाच्या हातात होती? मी चाळीस वर्षं कात्री धरते आहे, मला कात्री धरलेला हात ओळखता येतो.

चर बुजवायची वेळ आली की माजी, फीत कापायची वेळ आली की माननीय. दोन्ही 'मा.' तुम्हीच ठेवून घेतलेत.

तुमचा परिचय पहिल्या पानावर आहे. 'सर्वसामान्य कुटुंबातून पुढे आलेले नेतृत्व.' हे मात्र शंभर टक्के खरं, साक्षीला मी आहे. तुमच्या वडिलांच्या जुन्या पँटी घेऊन तू यायचास, मी त्या कापून तुझ्या मापाच्या करून द्यायचे. तेव्हा तू होतास, आता तुम्ही. सवय जात नाही, राग मानू नका. पाण्यासाठी हंडा मोर्चा काढलात तेव्हा मी दुसऱ्या रांगेत होते. टँकर बंद होऊन गल्लीत नळ आले ते तुमच्या धडपडीनेच आले, आणि आज रागात आहे म्हणून ते नाकारणार नाही. २०१२ ला आम्ही तुम्हाला मत दिलं ते उपकार म्हणून नाही. आपला माणूस म्हणून दिलं.

त्या वर्षी तुमची उपरणी मी शिवली. २०१७ ला पुन्हा शिवली, रंग दुसरा होता. या वेळी तिसरा रंग आहे आणि ती तयार मिळतात म्हणे, गठ्ठ्याने. बरं झालं. २०१७ च्या उपरण्यांचे निम्मे पैसे अजून यायचेत, आणि मागायला गेले की तुमची पोरं म्हणतात, "ते त्या पक्षाच्या खात्यातलं होतं."

मुलाने मोबाइलवर तुमचं प्रतिज्ञापत्र दाखवलं. सगळ्या उमेदवारांना मालमत्ता, गुन्हे, शिक्षण लिहून द्यावं लागतं, ते कुणालाही वाचता येतं. व्यवसायापुढे 'समाजसेवा व शेती' असं आहे. २०१२ च्या कागदावर एक दुचाकी होती. आता गाड्यांच्या रकान्यात जागा पुरली नाही. शेती चांगली पिकतेय, आनंद आहे. फक्त समाजसेवेला एकरी उतारा किती पडतो ते एकदा सांगा, आमचीही मुलं लावू.

मग तुमच्या भूमिका. २०१२ च्या पत्रकात होतं, 'हातगाडीवाल्यांना हक्काची जागा.' २०१७ च्या पत्रकात, 'फुटपाथ मोकळे करणार.' या वेळच्या अहवालात एकोणिसाव्या पानावर पथविक्रेत्यांचा सन्मान आहे आणि चोविसाव्या पानावर अतिक्रमणमुक्त प्रभाग. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे. आधी सर्वेक्षण करा, जागा ठरवा, समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी घ्या, असं त्यात आहे. आमच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या बाईची गाडी दोनदा उचलून नेली, तिला यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही. तुम्ही एकोणिसाव्या पानाचे की चोविसाव्या, एवढं तरी तिला कळू द्या. तिचंही मत आहे.

आमच्या शेजारी एक काका राहतात, महापालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी येऊन बसतात, मलाही वेळच वेळ. ते म्हणाले, एकट्या भाऊंना बोलून काय उपयोग, मापच चुकीचं घेतलंय. राज्यघटनेत ७४ वी दुरुस्ती झाली १९९२ ला. तिच्यात साफ लिहिलंय की पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक. प्रत्यक्षात? नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर २०२० पासून प्रशासकाकडे, मुंबई-पुणे २०२२ पासून. कधी आरक्षणाचा वाद, कधी प्रभागरचना बदलली, मग पुन्हा बदलली. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून सांगितलं. चार महिन्यांतही झालं नाही, मग ३१ जानेवारी २०२६ ची शेवटची तारीख मिळाली. आता १५ जानेवारीला २९ महापालिकांचं मतदान आहे. म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला. मुहूर्त कुणी काढला माहीत नाही, पण आम्ही त्या दिवशी नवं कापड कापत नाही.

या चार वर्षांत तुम्ही किंवा तुमच्यासारखे कितीजण रस्त्यावर उतरलात, की आमची निवडणूक घ्या? हंडा मोर्चा काढणारा माणूस स्वतःचं सभागृह बंद पडल्यावर एक पत्रकार परिषद घेऊन गप्प बसला. मला तर वाटतं, तुम्हालाही हेच बरं पडलं. प्रश्न विचारायला सभागृह नाही, उत्तर द्यायला नगरसेवक नाही. घरपट्टीची नोटीस मात्र दरवर्षी वेळेवर. ती लांबवायला कुणी न्यायालयात जात नाही.

आणि निवडून आलात तरी काय? मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक. आमच्यासारख्या शहरांत बहुतेक ठिकाणी चार, अ ब क ड. चार बटणं दाबायची आणि पाच वर्षं चार दारं हिंडायची. 'अ' म्हणतो गटार 'क' कडे, 'क' म्हणतो 'ड' ने निधी टाकलाय. २००९ साली कायद्यात क्षेत्रसभा आली, लोकांना बोलवा, कामं त्यांच्यासमोर ठरवा म्हणून. तुमच्या दोन निवडणुकांत अशी एक सभा आमच्या गल्लीत झाल्याचं मला आठवत नाही. हळदीकुंकू मात्र दरवर्षी होतं, वाण म्हणून स्टीलचा डबा, डब्याच्या झाकणावर तुमचा फोटो. माझ्याकडे सहा डबे आहेत. चेंबरला एक झाकण मिळालं असतं तर चाललं असतं.

विषय भरकटला. मागणं थोडकंच आहे.

चर बुजवा. आचारसंहितेचं कारण सांगू नका, ती नव्या कामांना लागते. हे काम दिवाळीच्या आधीपासून चालू आहे. तुमच्या अहवालाप्रमाणे तर संपलेलंच आहे. तोवर दिवा आणि लोखंडी कठडे लावून घ्या.

सातवं पान मागे घ्या. दुरुस्तीची एक ओळ छापा, लहान अक्षरांत चालेल.

तिसरं माझ्या पायाचं. १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिलाय. खड्ड्यात किंवा उघड्या मॅनहोलमध्ये जीव गेला तर सहा लाख, जखमी झालं तर पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई, आणि ते पैसे कंत्राटदाराकडून, जबाबदार अधिकाऱ्याकडून वसूल करायचे. माझा अर्ज १ डिसेंबरपासून प्रभाग कार्यालयात आहे. तिथला साहेब म्हणतो, चर म्हणजे खड्डा नव्हे, चर 'नियोजित' असतो. म्हणजे माझा पाय नियोजनपूर्वक मोडला. तो अर्ज भरपाई ठरवणाऱ्या समितीपुढे ठेवायला तुमचा एक फोन पुरेल की नाही? माजी म्हणून करा नाहीतर माननीय म्हणून करा, पण करा. १६ तारखेला मतमोजणी आहे, त्याच्या आत.

मतदानाला मी येणार. केंद्र शाळेच्या तळमजल्यावर आहे, खुर्चीवर बसवून नेतील. तुमच्या पोरांनी रिक्षा पाठवतो म्हणून निरोप दिला होता. नको. त्या रिक्षालाही गल्लीच्या तोंडाशीच थांबावं लागेल, पुढे चर आहे.

तुमची मावशी,
शिवणकाम (सध्या बंद)

ता.क. पत्र पुरं होईतो चराच्या कडेला मुरमाचा एक ढीग येऊन पडलाय. पसरायला माणसं आलेली नाहीत. ढिगात तुमचा झेंडा मात्र रोवून गेलेत. टीप उसवलेली आहे त्याची. पाठवून द्या, बसल्या बसल्या हातशिलाईने घालून देते.