आईच्या दाढेबद्दल, आणि शनिवारची अपॉइंटमेंट

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की आई "आता बरंय गं" म्हणून जेवणखाण्यावर येते, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबा, मोठ्याने वाचून दाखवा.

शनिवारी सकाळी साडेदहाची दाताच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीये, पैसेही भरलेत. न विचारता घेतली हे खरंय, पण विचारलं असतं तर आधी गौरी, मग पितृपंधरवडा, मग दिवाळी असं करत तू पुढे ढकललं असतंस. रागावू नकोस ना.

आई, परवा व्हिडिओ कॉलवर चहा बशीत ओतून तू तो पार गार होऊ दिलास आणि मग उजवा गाल तळहाताने दाबून डाव्या बाजूने एकेक घोट घेतलास, मी बघितलं ते. गार पाण्याने क्षणभर सणक येऊन थांबली तर ती नुसती सेन्सिटिव्हिटी असू शकते. पण गरम चहाने कळ उठते आणि कप ठेवला तरी राहते, रात्री आडवं झालं की ठणका वाढतो, म्हणजे बहुतेक कीड आतल्या नसेपर्यंत गेलीये. नसेला सूज येते आणि दाताच्या कडक कवचात तिला फुगायला जागाच नसते, म्हणून इतकं ठणकतं. लवंगतेलाने तेवढ्यापुरतं बधिर होतं, बरं होत नाही, आणि तू अख्खा बोळा भिजवून ठेवतेस त्याने हिरडी भाजते. नुसत्या अँटिबायोटिकनेही नस बरी होत नाही गं.

आणि "दोन दिवस दुखत नाहीये" याचीच मला जास्त काळजी वाटते. नस मेली की दुखणं थांबतं, पण इन्फेक्शन मुळाशी वाढतच राहतं. मागे गौरीच्या दिवशी काकांचा गाल कसा सुजला होता, आठवतंय ना?

तुला दाढ उपटूनच टाकायचीये हे माहितीये मला. पण काढली की शेजारचे दात त्या जागेत कलतात, समोरची दाढ सरकते, आणि मग भाकरी, शेंगदाणे सगळं एकाच बाजूने. रूट कॅनलमध्ये इंजेक्शनने बधिर करतात, खराब नस काढून आतल्या नळ्या साफ करून भरतात, वर कॅप बसवतात. आत्या सांगते तसं दुखणारं आता राहिलं नाहीये. एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले की दाढ वाचणार नाही, तर काढू, माझा हट्ट नाही. वरची दाढ काढली की नजर जाते हे मात्र मनातून काढून टाक, तसं काही होत नाही.

माझा दात पडला की तू तो कौलावर टाकायचीस आणि रात्री मऊ भात भरवायचीस, तसाच आता तू खायचा, मेतकूट-तूप घालून. मेतकूट कुरिअरने पाठवलंय. मिक्सर नीट चालत नसेल तर सांगा, नवीन पाठवते.

बाबा, तुमचंही दाखवायचंय. कडक ब्रशने इतकी वर्षं घासून हिरड्या खाली सरकल्यात आणि मुळं उघडी पडलीत. तिथे एनॅमल नसतं, आतल्या थरात बारीक नळ्या असतात, गार लागलं की त्यातलं पाणी हलतं आणि थेट नसेला कळतं. मऊ ब्रश, हलका हात, पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट, आणि घासून झाल्यावर खूप चुळा भरायच्या नाहीत. दोन ते चार आठवडे रोज लावल्याशिवाय फरक कळत नाही, तेव्हा चार दिवसांत सोडू नका. लिंबू सरबतानंतर अर्धा तास ब्रश नको. मीठ-कोळसा आजपासून बंद.

आई, शनिवारी नाश्ता करून, शुगरची नि बीपीची गोळी रोजच्यासारखी घेऊनच जायचं. रक्त पातळ व्हायची गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना आधी सांगायचं. मेडिकलवाल्याकडून दुखण्याची गोळी परस्पर आणू नका, काही गोळ्यांनी बीपी आणि किडनीला त्रास होऊ शकतो. बधिरपणा जाईपर्यंत काही चावायचं नाही, गाल चावला जातो. मधेच गालाला सूज आली, ताप आला किंवा गिळायला त्रास झाला तर शनिवारची वाट न बघता लगेच निघायचं, मला फोन नंतर करा.

रिक्षा दहाला दाराशी येईल. बाबा, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि जुना एक्सरे शुक्रवारी रात्रीच पिशवीत भरून ठेवा.

तुमची,
छोटी