कोबेहून मित्रास पत्र : परक्या देशातला नाताळ

कोबे, जपान
28 डिसेंबर

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझे पत्र आगमनकाळातच, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांत, मिळाले, पण नाताळ प्रत्यक्ष अनुभवून झाल्याशिवाय उत्तर लिहायचे नाही, असे मी ठरवले होते. परदेशातील मिशनसेवेसाठी नाव द्यावे असे तुला वाटते आहे. मात्र घरच्यांपासून आणि आपल्या चर्चच्या मंडळीपासून दूर असताना हे दिवस कसे जातात, हे तुला आधी जाणून घ्यायचे आहे. जसे घडले तसे सांगतो.

येथे 25 डिसेंबरला सुटी नसते. रस्त्यांवर दिव्यांची आरास असते, दुकानांत नाताळची गाणी वाजतात, 24 तारखेला लोक स्ट्रॉबेरीचा केक घरी नेतात. परंतु ख्रिस्ती लोक लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का असल्यामुळे, ज्याच्या जन्माचा हा दिवस आहे त्याच्याविषयी बहुतेकांना फारच थोडे ठाऊक असते. कामाच्या दिवशी सभासदांना येता येत नाही म्हणून आमच्या मंडळीने ख्रिस्तजन्माची मुख्य उपासना आधीच्या रविवारी घेतली, आणि 25 च्या सकाळी मी नेहमीप्रमाणे जपानी भाषेच्या वर्गात बसलो होतो. तो तास फार जड गेला. दुसऱ्या दिवशी सगळी आरास उतरली होती आणि इमारतींच्या दारांशी नववर्षासाठी बांबू आणि पाइनची सजावट उभी राहिली होती.

पण मित्रा, या देशात ख्रिस्तजन्माचा सण आपल्यासारख्यांनी आणलेला नाही, तो येथे फार पूर्वीपासून आहे, ही गोष्ट मला या दिवसांत सर्वांत अधिक आधार देऊन गेली. मिशनरी फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये जपानच्या दक्षिणेतील कागोशिमाला उतरले, आणि त्यांचे सहकारी कोस्मे दे तोर्रेस यांनी 1552 मध्ये यामागुची येथे जपानी विश्वासणाऱ्यांसह नाताळ साजरा केला. पुढे 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, धर्मगुरूंना हाकलले किंवा ठार मारले गेले, आणि त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांतील शेतकरी आणि कोळी यांनी कोणाही धर्मगुरूवाचून आपला विश्वास जपला. त्यांच्यातील एकाकडे सणावारांची दिनदर्शिका सांभाळण्याचे काम असे, आणि ख्रिस्तजन्माची रात्र कधी येते हे तोच वस्तीला कळवीत असे. पकडले गेले तर मृत्यू ठरलेला, तरी कोणीतरी दरवर्षी दिवस मोजत होते!

17 मार्च 1865 रोजी उराकामी गावातील काही माणसे नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये आली आणि त्यांनी तेथील फ्रेंच धर्मगुरू बर्नार पेतिजाँ यांना हलक्या आवाजात सांगितले की, आमचे आणि तुमचे अंतःकरण एकच आहे. पेतिजाँ यांनी लिहून ठेवले आहे की, आम्ही हिमाच्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी प्रभूचा जन्मदिन पाळतो आणि तो मध्यरात्रीच्या सुमारास गोठ्यात जन्मला असे आम्हांला शिकवले आहे, हेही त्या लोकांनी त्यांना सांगितले, आणि तुम्हीही हे सण पाळता का, असे विचारले. मिशनऱ्याला विचारलेला हा प्रश्न मी पुनःपुन्हा वाचला आहे. या भेटीनंतरही उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपारी भोगावी लागली आणि बंदीचे फलक 1873 मध्येच उतरले. त्यांच्या देशात एक नाताळ एकट्याने काढावा लागला, याची तक्रार मी कोणत्या तोंडाने करावी?

24 च्या संध्याकाळी आमच्याकडे मेणबत्त्यांची उपासना झाली. या एका संध्याकाळी कधीच चर्चमध्ये न येणारे शेजारीही येतात, म्हणून पाळकांनी लूकच्या शुभवर्तमानातील जन्मकथा अगदी सावकाश वाचायला लावली. उपासनेनंतर एका विद्यार्थ्याने मला विचारले की, देवदूत सर्वांत आधी मेंढपाळांकडेच का गेले. तो रात्रपाळीला एका दुकानात काम करतो आणि तेथूनच पुढे कामावर जाणार होता. माझ्या तोडक्यामोडक्या जपानीत मी एवढेच म्हणालो की, त्या रात्री ते कामावर जागे होते, आणि देवाने त्यांना कामाच्या जागी गाठले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग पुढच्या रविवारी उपासना किती वाजता असते, ते त्याने विचारून घेतले. इतक्या वर्षांत ही कथा मी कितीदा ऐकली असेल, पण पाळीवर निघालेल्या माणसाला ती सांगताना मला ती प्रथमच पूर्ण ऐकू आली.

कोबेचे बंदर येथून जवळ आहे. चीनमध्ये 1873 पासून सेवा करणाऱ्या अमेरिकन मिशनरी लॉटी मून मायदेशी परतताना याच बंदरात, जहाजावर, 24 डिसेंबर 1912 रोजी वारल्या. नाताळच्या आधीचा आठवडा मिशनकार्यासाठी प्रार्थना आणि दान यांना द्यावा, असे त्यांनीच 1887 मध्ये मायदेशी कळवले होते. पुढच्या वर्षी जमलेल्या 3,315 डॉलरांतून तीन नव्या मिशनऱ्यांना पाठवण्याची सोय झाली. त्यांना साहाय्यक हवे होते, आणि ते मागायला त्या संकोचल्या नाहीत. आपणही संकोचू नये, असे मला वाटते.

म्हणून तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, नाव दे. एकटेपण येईल, आणि सणाच्या दिवशी ते दुप्पट होऊन येईल, हे मी लपवत नाही. मात्र शक्य असेल तर आगमनकाळाच्या बऱ्याच आधी येऊन पोहोच, म्हणजे नाताळपर्यंत निदान गाण्यांचे शब्द तोंडी बसलेले असतील. आणि घरी फोन करायचा तो उपासनेनंतर कर, कारण आधी केलास तर मन तिकडेच राहते. आईवडिलांशी मोकळेपणाने बोल. त्यांची संमती नसेल तर एक वर्ष थांबलास तरी काही बिघडत नाही.

फेब्रुवारीत मंडळीतील काही जणांसोबत मी नागासाकीला जाणार आहे. ओउरा चर्च पाहिल्यावर सविस्तर लिहीन. तोपर्यंत तुझा निर्णय काय होतो ते कळव, आणि त्या विद्यार्थ्यासाठी प्रार्थना कर.

घरातील सर्वांना माझा सलाम सांग.

तुझा स्नेहांकित मित्र