लाट, ओळख आणि गुप्त मतदान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या आयोवा राज्यातील ३ जानेवारी २००८ च्या फेरीत बराक ओबामा जिंकले तेव्हा आपल्या दैनिकाने त्यांच्या लाटेविषयी लिहिले, आणि ८ तारखेला न्यू हॅम्पशायर राज्यात हिलरी क्लिंटन विजयी होताच ती लाट ओसरल्याचेही लिहिले. पाच दिवसांत येऊन गेलेल्या या लाटेबद्दल तिच्या काठावर राहणाऱ्या वाचकाने दोन शब्द लिहावेत, असे वाटले. मी गेली अकरा वर्षे आयोवाची राजधानी डि मॉईनजवळ राहतो. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही, म्हणून मत नाही. पत्नी नागरिक झाली आहे, तिला आहे. ३ तारखेच्या संध्याकाळी आमच्या वस्तीतील शाळेच्या जेवणघरात ती मतदार म्हणून उभी होती आणि मी भिंतीला टेकून नुसता पाहत होतो.

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात आणि त्यासाठी इच्छुकांच्या दिल्लीच्या वाऱ्या होतात. इथे ते ठरवण्याचे काम मतदाराकडे असते, परंतु प्रत्येक राज्यात त्याची रीत वेगळी, आणि आयोवाची रीत तर सर्वांत निराळी. येथील डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाच्या वस्तीवार सभेत, मतपत्रिका नसते. संध्याकाळी सातला वस्तीतील माणसे जमतात, जो तो आपल्या उमेदवाराच्या फलकाखाली जाऊन उभा राहतो आणि मग डोकी मोजली जातात. बहुतेक केंद्रांवर ज्या गटात जमलेल्यांपैकी १५ टक्के माणसे भरत नाहीत तो गट मोडतो. म्हणजे दोनशे माणसे आली असतील तर निदान तीस हवीत. मोडलेल्या गटातील लोकांनी दुसरीकडे जायचे किंवा घरी जायचे. त्यानंतरचा अर्धा तास म्हणजे उघड मनधरणी असते.

आमच्या केंद्रावर जोसेफ बायडेन यांचा गट मोडला. त्यात दोन निवृत्त शिक्षिका होत्या. परराष्ट्र व्यवहार कळणारा हा एकच माणूस रिंगणात आहे, असे त्यांचे ठाम मत होते. क्लिंटन यांच्या बाजूची एक बाई बिस्किटांची थाळी घेऊन त्यांच्याकडे आली, जॉन एडवर्ड्स यांचा एक कार्यकर्ता बंद पडणाऱ्या कारखान्यांविषयी तळमळीने बोलू लागला. तेवढ्यात ओबामांच्या कोपऱ्यातून सतरा वर्षांची एक मुलगी आली. नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत अठरा पूर्ण होणाऱ्यांना येथे भाग घेता येतो. तिने धोरणाचा एक शब्दही काढला नाही. ती एवढेच म्हणाली, “बाई, तुम्ही मला पाचवीला शिकवलंय. माझं हे पहिलंच मत आहे. याल का माझ्याबरोबर?” एका बाईंनी खुर्चीवरचा कोट उचलला आणि त्या तिच्यामागे गेल्या. दुसऱ्या जागच्या हलल्या नाहीत.

आता याला लाट म्हणावे की ओळख? माझ्या मते दोन्ही, आणि ही ओळख एका रात्रीत झालेली नव्हती. गेल्या उन्हाळ्यापासून ओबामांच्या प्रचारातील एक तरुण आमच्या गल्लीत येत असे. मला मत नाही हे कळल्यावरही तो आल्याचा चहा घ्यायला थांबला आणि शेजारीपाजारी कोण कोणाकडे झुकले आहे ते विचारत राहिला. त्याच्या यादीत प्रत्येक नावापुढे आकडा होता: १ म्हणजे पक्का, ५ म्हणजे विरोधक. पत्नीचा आकडा ऑगस्टमध्ये ३ होता. डिसेंबरमध्ये दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्री ओबामांच्या प्रचाराला डि मॉईनला आल्या तेव्हा प्रचंड गर्दी झाली आणि छायाचित्रे त्या गर्दीची छापली गेली, परंतु ३ जानेवारीच्या थंडीत माणसे घराबाहेर आली ती त्या यादीमुळे, असे मी खात्रीने म्हणेन. २००४ साली डेमोक्रॅटिक कॉकसला सुमारे सव्वा लाख माणसे आली होती, यंदा दोन लाख तीस हजारांहून अधिक आली, आणि त्यांत निम्म्याहून जास्त प्रथमच येणारी होती.

लोक काय बोलत होते हेही सांगायला हवे, कारण आपल्या बातम्यांत “कृष्णवर्णीय विरुद्ध महिला” यापलीकडे फारसे काही आले नाही. आमच्या शेजारचे निवृत्त शेतकरी ओबामांकडे गेले ते इराकमुळे. त्यांचा पुतण्या नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलात असून लांबलेली मुदत संपवून गेल्या उन्हाळ्यात इराकहून परतला. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटमध्ये युद्धाच्या बाजूने मत देणाऱ्यांत क्लिंटन आणि एडवर्ड्स दोघेही होते, तर ओबामांनी त्याच महिन्यात शिकागोच्या सभेत युद्धाला जाहीर विरोध केला होता, हे त्यांना तारखेनिशी पाठ होते. ज्या राज्यात कृष्णवर्णीय लोकसंख्या जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास आहे, तेथे वर्णाचा विषय त्यांनी माझ्यापाशी एकदाही काढला नाही. पत्नीला मात्र ओबामांची आरोग्य विम्याची योजना अपुरी वाटते, कारण त्यात प्रौढांना विम्याची सक्ती नाही. तरीही ती त्यांच्याच कोपऱ्यात उभी राहिली. कारण विचारले तर “बघू या तरी” एवढेच उत्तर मिळाले.

आता दुसरी बाजू. समोरच्या घरातील परिचारिका क्लिंटन यांची कट्टर समर्थक आहे. त्या संध्याकाळी तिची रुग्णालयात कामाची पाळी होती, आणि कॉकसला टपालाने मत देण्याची सोय नाही, त्यामुळे ती मोजली गेलीच नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये दिवसभर मतदान चालते आणि ते गुप्त असते. तिच्यासारखी बाई तेथे कामावर जाता जाता मत देऊन जाते आणि तिला कोणत्याही कोपऱ्यात शेजाऱ्यांसमोर उभे राहावे लागत नाही. मतदानपूर्व चाचण्यांमध्ये ओबामा पुढे असताना क्लिंटन तेथे ३९ टक्के विरुद्ध ३६ टक्के अशा निसटत्या फरकाने जिंकल्या, यात मला तरी चमत्कार दिसत नाही. तो निकाल ओबामांच्या पीछेहाटीचाही म्हणवत नाही. मोजण्याची रीत बदलली होती.

येत्या ५ फेब्रुवारीला वीसहून अधिक राज्यांत एकाच दिवशी कौल घेतला जाईल. त्यांपैकी मिनेसोटा, कोलोरॅडो, कॅन्सस अशा काही राज्यांत कॉकस आहे, तर कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क येथे नेहमीसारखे मतदान आहे. हे सर्व निकाल एकाच तक्त्यात न छापता दोन वेगळ्या रकान्यांत छापावेत, एवढीच विनंती.

आपला नम्र,
एक वाचक
डि मॉईन, आयोवा
११ जानेवारी २००८