फोटो नको, आवाज पाठव

प्रिय काका,

तुम्ही म्हणाला होतात की आभार वगैरे नको, फोन वाजला की कळव, बस. फोन वाजला ते तुम्हाला माहितीच आहे, तरी हे पत्र लिहितेय आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तीन महिने दर रविवारी तुम्ही गिरगावातून माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बसलात आणि इथे इंग्लंडात लेस्टरमध्ये माझ्या किचन टेबलवर एक सत्तर वर्षांचा फोन परत बोलायला लागला, हे फक्त आपल्या दोघांत राहावं असं मला वाटत नाही. आपली ओळख तरी काय होती हो, मैत्रिणीचे बाबा, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, एवढीच!

फोन मला इथल्या कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात मिळाला, पंधरा पाउंडात. काळा कुळकुळीत नव्हे तर मळकट तपकिरी झालेला बेकेलाइटचा, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लास्टिकचा डबा, खाली छोटा ड्रॉवर, रिसीव्हरला विणलेली सुती दोरी. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर त्याने उघडलाही नाही, म्हणाला डायल मेलंय, आतलं सगळं काढून इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवून देतो, बाहेरून जुना दिसेल. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच. मग मैत्रिणीने तुमचा नंबर दिला, मी धडाधड बावीस फोटो पाठवले, आणि तुमचं उत्तर आलं की फोटो नको, आवाज पाठव.

तेव्हा मला काही कळलंच नाही. आवाज कसला, तो तर बंद आहे. तुम्ही म्हणालात, "अगं, बंद असला तरी डायल फिरतंय ना? शून्य फिरव, सोड, मोबाईलवर रेकॉर्ड कर. आणि सोडल्यावर बोटाने ढकलायचं नाही, आपलं आपण परत येऊ दे." मी रेकॉर्ड करून पाठवलं. दहा मिनिटांत तुमचा फोन, "गव्हर्नर चिकटलाय. मेलंबिलं काही नाही, दमलंय ते." गव्हर्नर म्हणजे डायलचा वेग आवरणारा भाग, हे मला तेव्हा कुठे माहीत! पण ते दमलंयवालं वाक्य मी फ्रिजवर लिहून लावलंय काका, अजून आहे.

मग तुम्ही मला कॉम्प्युटरवर त्या आवाजाची लाट बघायला लावलीत. शून्याच्या दहा टकटकींचे दहा उंचवटे, पहिल्यापासून दहाव्यापर्यंतचं अंतर मोजायचं, म्हणजे मधल्या नऊ फटी. माझं आलं साधारण १.३ सेकंद, म्हणजे सेकंदाला सातच्या आसपास. पाहिजेत दहा. नऊ ते अकरामध्ये बसलं तर ठीक. आणि प्रत्येक टकटकीतसुद्धा हिशोब, दोन भाग लाइन तुटलेली आणि एक भाग जोडलेली. मी विचारलं की एवढं काटेकोर कशाला, आणि मग तुम्ही जे सांगितलंत त्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

मला आयुष्यभर वाटायचं की डायल म्हणजे फक्त नंबर सांगायची सोय. तुम्ही सांगितलंत की नाही, त्या काळी माझं बोट मैलभर लांबचं मशीन हलवायचं, अगदी शब्दशः. पाच फिरवला की डायल परत येताना लाइन पाच वेळा तुटते, आणि एक्स्चेंजमधला सिलेक्टर, म्हणजे आकड्याप्रमाणे वाट निवडणारं यंत्र, पाच पायऱ्या वर चढतो, मग आडवा फिरून मोकळी वाट शोधतो, मग पुढचा आकडा पुढच्या सिलेक्टरला, असं करत करत शेवटचा सिलेक्टर शेवटच्या दोन आकड्यांवर चढतो आणि वळतो आणि त्या एका घरावर जाऊन थांबतो. डायल हळू असेल तर सिलेक्टरला वाटतं आकडा संपला, आणि चुकीच्या घरात घंटी वाजते. हे सांगताना तुम्ही हात वर नेऊन मग आडवा फिरवत होतात, आणि तोंडाने खट खट खट, घर्र, आणि काकू मागून म्हणाल्या की अहो चहा गार होतोय, पण तुम्ही एक्स्चेंजमध्येच होतात. ही कल्पना काढणारा अल्मन स्ट्राउजर अमेरिकेत अंत्यविधीचं सामान पुरवायचा धंदा करायचा, १८९१चं त्याचं पेटंट, आणि त्याच्या पद्धतीचं इथलं ब्रिटनमधलं शेवटचं एक्स्चेंज १९९५ मध्ये स्कॉटलंडमध्ये बंद झालं. शंभर वर्षं चाललं ते! तुम्ही ते रोज कानाने तपासायचात, एखादा सिलेक्टर अडखळला की रांगेतला कुठला ते लांबूनच कळायचं असं म्हणालात, आणि तेव्हा मला कळलं की तुम्ही फोटो का नको म्हणालात.

दुरुस्तीचं सगळं लिहीत नाही, पण डायलचं लिहायलाच हवं. दर वेळी पहिला प्रश्न, "प्लग काढलास का?" कारण घंटीच्या वेळेला लाइनवर चांगला झटका बसेल एवढा दाब येतो. मग डायल उघडून दाखवलं. इवलासा गव्हर्नर, दोन छोटी वजनं, वेगात फिरली की बाहेर फाकतात आणि वाटीच्या आतल्या बाजूला घासून वेग धरून ठेवतात. जुनं तेल गोंदासारखं झालं होतं. तुम्ही म्हणालात आधी धुऊन काढ, तेल नंतर, आणि वाटीत एक थेंबसुद्धा जाता कामा नये कारण तिथे घासणं हेच काम आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल, बारीक ब्रश, मग घड्याळाचं तेल सुईच्या टोकावर घेऊन फक्त फिरत्या टोकांना. कॉन्टॅक्टला पॉलिश पेपर लावायला निघाले तर केवढ्याने ओरडलात! व्हिजिटिंग कार्डाचा कोरा कागद मधून ओढायचा, बास. परत रेकॉर्ड केलं, ०.९३ सेकंद. सेकंदाला साडेनऊच्या वर. मी उड्या मारत होते आणि तुम्ही म्हणालात, "आता गव्हर्नरला हात लावू नकोस. चांगलं चाललंय ते बिघडवायचं नाही."

रिसीव्हरमध्ये माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा, त्यावर तुमचा उपाय म्हणजे तळहातावर दोनदा हलकेच आपट. माइकमध्ये कोळशाचे बारीक दाणे असतात, वर्षानुवर्षं पडून पडून एकमेकांना चिकटतात, आपटलं की सुटे होतात. झाले सुटे! मला वाटत होतं माइक बदलावा लागणार.

बेकेलाइटचं मात्र मी तुमचं ऐकलं नसतं तर वाट लागली असती, मी साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवणार होते. त्यात लाकडाचा भुसा असतो, वरची चकाकी गेली की तो पाणी पितो आणि कायमचा निस्तेज होतो, हे तुमच्यामुळे कळलं. इथे पूर्वी फोन पोस्ट ऑफिसकडेच असायचे, त्यांच्या फोनवाल्यांची स्वतःची पेस्ट होती, पेस्ट पॉलिशिंग नंबर ५, ती मिळवली आणि तीन संध्याकाळी नुसती बोटाने गोल गोल घासत बसले. तपकिरी थर फडक्यावर आला आणि खालून काळा वर आला.

आणि तळाचा शिक्का वाचलात तो दिवस. ३३२एल, ५६. म्हणजे १९५६चा. हे मॉडेल आलं १९३७ मध्ये, आकार मुळात नॉर्वेच्या जाँ हाइबर्ग नावाच्या कलाकाराचा. त्याच १९३७ साली लंडनमध्ये ९९९ हा आणीबाणीचा नंबर सुरू झाला, धुरात किंवा अंधारात बोटाने चाचपून शून्याशेजारचं भोक सापडावं म्हणून नऊ. एल म्हणजे डायलवर अक्षरं. मी विचारलं होतं की सहावर एम एन आहे आणि ओ कुठे गेला, तर तो शून्यावर, क्यूच्या सोबत. स्कॉटलंड यार्डचा नंबर व्हाइटहॉल १२१२, पहिली तीन अक्षरं, डब्ल्यू एच आय, फिरवायची म्हणजे ९४४. तुम्ही मुंबईत बसून मला इंग्लंडचं डायल समजावत होतात कारण तुम्ही शिकलात ती मॅन्युअल्स इथलीच होती. बंगळूरला १९४८ साली आयटीआयचा, म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना सुरू झाला तोही इंग्लंडच्या कंपनीच्या तांत्रिक मदतीने. इथून गेलेलं ज्ञान तुमच्या हातात तीस-पस्तीस वर्षं राहिलं आणि इथे ज्या दुकानात मी गेले तिथे ते उरलेलं नव्हतं, हे मला फार लागलं काका. इथल्या राणीने ब्रिस्टलहून एडिनबराला पहिला एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट लांबचा फोन लावला १९५८च्या डिसेंबरात, आणि कानपूर-लखनौ एसटीडी १९६०. तुम्ही दोन बोटं दाखवलीत, "दोनच वर्षं, बघ!" तो अभिमान तुमच्या चेहऱ्यावर बघण्यासारखा होता.

घंटीने सगळ्यात छळलं. एकदाच टिंग करून गप्प. तुम्ही म्हणालात घंटीच्या वाट्या फिरव, त्यांचं भोक मुद्दाम मध्यावर नसतं, फिरवली की टोल्यापासून जवळ-लांब होते. एक वाटी टोल्याला टेकूनच बसली होती. शिवाय ही जुनी बेल १००० ओहमची, आताच्या लाइनला जड, म्हणून मध्ये ३.३ किलोओहमचा रेझिस्टर टाकायचा, तो तुम्ही मला रंगपट्ट्यांवरून ओळखायला शिकवलात. नारिंगी, नारिंगी, लाल. पाठ झालंय.

मग मैत्रिणीला मोबाईलवरून माझ्या घरचा नंबर लावायला सांगितला. आणि वाजली. ट्रिंग-ट्रिंग, थांबून ट्रिंग-ट्रिंग. काका, मी रडले. गॅलरीच्या टोकाला शेजाऱ्यांकडे फोन होता आमच्या लहानपणी, तो असाच वाजायचा, आजी पदर सावरत पळायची. मला वाटलं मनाचे खेळ आहेत, पण तुम्ही शांतपणे सांगितलंत की नाही, तालच तो आहे, ०.४ सेकंद वाजायचं, ०.२ थांबायचं, परत ०.४, मग दोन सेकंद शांत, इथे आणि तिथे एकच. आता लाइन तांब्याची नाही, ब्रॉडबँडच्या राउटरमधून येते, इथल्या जुन्या लाइन्स जानेवारी २०२७ पर्यंत बंद व्हायच्या आहेत, तरी राउटर ताल तोच धरतो.

राउटरला डायलच्या टकटकी कळत नव्हत्या ही शेवटची अडचण. ऐकू येतंय, वाजतंय, पण बाहेर फोन लागत नाही. मी हात टेकले होते, आणि तुम्ही तुमच्या काळात नसलेली ती छोटी डबी शोधून काढलीत, टकटकी मोजून टोनमध्ये बदलणारी. रात्री दोन वाजता मेसेज केला होतात लिंक पाठवून! तुमच्या वयात! त्याबद्दल काकूंची माफी मागते.

गेल्या रविवारी तुम्हाला मोबाईलवरून नाही केला फोन. दोन शून्य, ९१, २२, मग तुमचे आठ आकडे. चौदा वेळा डायल. शून्य फिरवून ते परत येईपर्यंत वाट बघायची, मग पुढचा, मध्येच चुकलं तर पहिल्यापासून. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा तुमच्याकडे रिंग गेली, लँडलाइनवर, आणि तुम्ही उचललात, आणि मी हॅलो म्हटल्यावर थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं परत माइक गेला, मी रिसीव्हर तळहातावर आपटणार एवढ्यात तुमचा आवाज आला.

"डायल सोडल्यावर बोटाने ढकलत नाहीस ना?"

नाही काका. अजिबात ढकलत नाही. आपलं आपण येऊ देते.

ड्रॉवर अजून अडकतोय, त्याचं रविवारी बघू. आवाज रेकॉर्ड करून ठेवलाय.

तुमची,
लेस्टरची मुलगी