नवं विंडोज आणि आमचा जुना काटा

शाहूपुरी, कोल्हापूर
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "अजून त्या जुन्या डब्यावरच पट्ट्या काढतोस काय रे?" आणि तेवढ्यात वहिनींनी तुला हाक मारली. विषय अर्धा राहिला. गुळाच्या पेढीवरच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पावत्या, अजून जुन्याच कॉम्प्युटरवर का, याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतंच, म्हणून बसलोय लिहायला. चहा घेऊन बस, कारण मी आता थांबणार नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला. तुमच्या बेंगळुरूत ती एक तारीख असेल. आमच्याकडं त्याच आठवड्यात वसुबारस, आणि पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे. वर्षभर पेढीवर माश्या मारल्या तरी चालतं, पण दिवाळी झाली की गुऱ्हाळघरं धुरायला लागतात आणि मग मान वर काढायला फुरसत नसते. नेमका तोच मुहूर्त मायक्रोसॉफ्टला सापडला. त्यात आमचा हिशेबाचा सॉफ्टवेअरवाला (नाव नको, चांगला माणूस आहे) म्हणाला, ऑक्टोबरनंतर जुन्या विंडोजवर काही अडलं तर आम्हाला फोन करू नका. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

बरं, जुन्याच मशीनवर विंडोज ११ टाकावं म्हटलं. तुला माहीतच आहे ते, सातव्या पिढीचं आय-फाइव्ह. दणदणीत चालतंय. तपासणीच्या ॲपनं सरळ सांगितलं, हे चालणार नाही. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) हवं, सिक्युअर बूट (मशीन चालू होतानाची तपासणी) हवं. टीपीएम तर बायोसमध्येच, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्येच, 'पीटीटी' नावानं झोपलं होतं, ते मी जागं केलं. पण प्रोसेसरची पिढी बायोसमध्ये बदलता येत नाही! गंमत पुढं आहे. २०२१ साली विंडोज ११ आलं तेव्हा सातव्या पिढीतले थोडे प्रोसेसर अपवाद म्हणून यादीत घेतले. त्यातला एक, आय-सेव्हन ७८२०एचक्यू, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या कॉम्प्युटरमध्ये होता. घरचा पोरगा म्हणून ग्रेस मार्क. आता तू म्हणशील, यादीबाहेरच्या मशीनवरही आडवाटेनं टाकता येतं. येतं की. पण ज्या मशीनवर शेतकऱ्याचे पैसे मोजायचे, त्यावर असले उद्योग मी करत नाही.

म्हणून राजारामपुरीतून नवं मशीन आणलं. छोटं, काळं, गुळाच्या किलोच्या रव्यापेक्षा, म्हणजे ढेपेपेक्षा, थोडं मोठं. आबांनी ते हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "याला काट्याची वायर कुठं लावायची?"

प्रश्न बरोबर होता. काट्याला नऊ पिनांचं सिरीयल कनेक्शन, प्रिंटरला ती रुंद पंचवीस पिनांची पॅरलल केबल, आणि नव्या मशीनला या दोन्हींतलं काहीच नाही. प्रिंटरचं पुढं सांगतो. काट्यासाठी यूएसबी कन्व्हर्टर आमच्याकडं होताच. निळी पारदर्शक वायर, जुन्या मशीनवर वर्षानुवर्षं मुकाट चाललेली. ती नव्याला लावली. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडला तर पिवळा त्रिकोण, आणि डिव्हाइसच्या नावाच्या जागी चक्क निरोप लिहिलेला: 'फेज्ड आउट सिन्स २०१२. प्लीज कॉन्टॅक्ट युवर सप्लायर.' म्हणजे २०१२ पासून बाद, विकणाऱ्याला विचारा. मर्दा, मी डोळे चोळून परत वाचलं. वायर खराब नाही, काटा खराब नाही, वैधमापनवाल्यांचा शिक्का ताजा आहे. वायरच्या पोटात जी नखाएवढी चिप आहे, ती बनवणाऱ्यांनी नव्या ड्रायव्हरमध्ये (विंडोज आणि वायर यांच्यातला दुभाषा प्रोग्राम) ठरवून टाकलंय की या जुन्या चिपला ओळख द्यायची नाही. का, तर त्या चिपच्या नकला बाजारात इतक्या झाल्या की अस्सल-नक्कल निवडत बसण्यापेक्षा आख्खी पिढीच बाद केलेली बरी. आणि सप्लायरला कॉन्टॅक्ट कुठं करू? ज्या दुकानातून ती वायर घेतली, तिथं आता मोमोज मिळतात.

यावर तोड आहे. ड्रायव्हर अपडेट करताना 'मला यादीतून निवडू द्या' म्हणायचं आणि फार जुनी आवृत्ती हातानं बसवायची. मी बसवली. त्रिकोण गेला. मग कळलं की त्या वायरीच्या पोर्टला कॉम ७ नंबर मिळालाय आणि आमचा प्रोग्राम कॉम ४ च्या पुढं बघतच नाही. ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन तो कॉम ३ केला, ९६०० चा वेग लावला, काट्यावर तीस किलोचा रवा ठेवला आणि स्क्रीनवर आकडा आला. आबा खूश, मापाडी खूश. काही दिवसांनी रात्रीत अपडेट आलं, नवा ड्रायव्हर परत येऊन बसला आणि सकाळी ऐन सौद्याच्या वेळी पुन्हा तोच २०१२ चा निरोप. बाहेर ट्रॅक्टर उभे. मापाडी आकडे ओरडतोय आणि मी पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतोय. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!

मजा सांगू? मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम, चालवून बघितलं. त्याच वायरला त्यानं नाव-गाव काही विचारलं नाही. लावली की लगेच आकडे. म्हणजे चिप अजून काम करते. पण हिशेबाचा प्रोग्राम विंडोजचा, त्यामुळं त्या आनंदाचा उपयोग शून्य.

आता प्रिंटर. तू म्हणशील, डॉट मॅट्रिक्स फेकून दे आणि लेझर घे. पट्टी तीन प्रतींत निघते, पांढरी शेतकऱ्याला, गुलाबी आम्हाला, पिवळी फाइलला. मधे कार्बन. त्यावर पिनांचा ठोका बसावाच लागतो, लेझर ठोका मारत नाही. तीन वेळा वेगळं छापायचं म्हटलं तरी हरकत नाही, पण एका दणक्यात निघालेल्या तीन प्रतींवर शेतकऱ्याचा जो विश्वास असतो तो वेगवेगळ्या छापलेल्यांवर बसत नाही. आणि ते बरोबरच आहे.

तर यूएसबी-पॅरलल केबल आणली. विंडोजच्या ड्रायव्हरनं छापलं तर प्रत्येक ओळ चित्र म्हणून काढतं, कुंथत कुंथत. 'जनरिक टेक्स्ट ओन्ली' निवडलं तर पूर्वीसारखं खडखड पळतं. पण कागदाचं माप ते ए-फोर धरून बसलं आणि आमचा पट्टीचा फॉर्म सहा इंची. फॉर्मवर मथळे आधीच छापलेले असतात, वजन, दर, हमाली, तोलाई, गाडीभाडं, उचल. दर पट्टीमागं छपाई थोडी थोडी घसरत गेली आणि पन्हाळ्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पट्टीत गाडीभाड्याचा आकडा उचलीच्या ओळीत पडला. म्हातारा चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "मी उचल कधी घेतली?" आख्खी पेढी गप्प! कागदाचं माप हातानं बनवून घेतल्यावर ते मिटलं, पण तो म्हातारा मला दिवसभर मागच्या सगळ्या पट्ट्या तपासायला लावून गेला.

आणि सगळ्यात मोठी गाठ म्हणजे मूळ पट्टीचा प्रोग्रामच डॉसवरचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमवरचा, फॉक्सप्रोत लिहिलेला. विंडोज १० ची ३२ बिटची आवृत्ती मिळायची आणि तिच्यात डॉसचे प्रोग्राम चालायची सोय होती, म्हणून आपण ती मुद्दाम टाकली होती, आठवतंय? विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. सोळा बिटचं काही तिथं उभंच राहत नाही. डॉसचा आभास करणारं डॉसबॉक्स आहे, पण ते मुळात जुने गेम खेळायला बनवलेलं. वर सांगितलेलं काटा वाचणं, प्रिंटरला पाठवणं मी त्यातूनच केलं, पण नाकापेक्षा मोती जड. नवा प्रोग्राम लिहून देणारे आले होते. बोलणं गोड, कोटेशन कडू.

घरच्या स्कॅनरचं तर सांगतच नाही. ६४ बिटचा ड्रायव्हर कंपनीनं काढलाच नाही. मी मोबाइलवर फोटो काढतो. संपला विषय.

मी नुसता चिडलोय असं समजू नकोस. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसून चालतो, तिथं एक सडका निघाला की आख्खं मशीन निळं पडतं किंवा चोराला आत वाट मिळते, हे मला पटतं. विंडोजमधली 'मेमरी इंटिग्रिटी' नावाची पहाऱ्याची सोय जुन्या ड्रायव्हरना अडवते ती याचसाठी. बँकेचे पासवर्ड ज्या मशीनवर आहेत त्यावर मलाही पहारा कडकच हवा. माझं भांडण वेगळं आहे. नवं विंडोज घेताना प्रोसेसर, रॅम, डिस्क बघ म्हणून सगळे सांगतात. वायरीतली चिप बघ, ड्रायव्हर कुणी कधी बंद केलाय ते बघ, असं कुणी सांगत नाही, आणि धंदा नेमका तिथंच अडतो. काटा हजारोंचा, मशीन हजारोंचं, आणि अडलं कशावर, तर दोनशे रुपयांच्या वायरीवर. २००७ ला तुझ्या पहिल्या कॉम्प्युटरवर विंडोज व्हिस्टा आलं आणि साउंड कार्ड मुकं झालं, तेव्हा आपण परत एक्सपी टाकून मोकळे झालो. तेव्हा आपल्याकडं गमवायला गाणी होती फक्त.

म्हणून जुना डबा. त्याचं इंटरनेट काढून टाकलंय, वायफाय नाही, लॅनची केबल नाही. तो काटा वाचतो आणि पट्टी काढतो, दुसरं काही नाही. जीएसटी, ई-वे बिल, बँक, मेल सगळं नव्यावर. संध्याकाळी पेन ड्राइव्हवरून आकडे इकडचे तिकडे, तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या कुठल्याही मशीनला लावायचा नाही अशी आबांची ताकीद. सिक्युरिटी अपडेटची एक वर्षाची मुदतवाढ मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पण जे मशीन नेटवरच नाही त्याला ती मागून काय करू? माझी खरी भीती त्याचा पॉवर सप्लाय आणि हार्ड डिस्क. डिस्कची हुबेहूब प्रत काढून कपाटात ठेवलीय.

आता तुझ्याकडं काम. नाताळात येणार आहेस म्हणालास, तर येण्याआधी तुमच्या एसपी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चक्कर मार. यूएसबी ते सिरीयल कन्व्हर्टर हवाय, दोन नग, एफटीडीआय कंपनीच्या चिपचा. दुकानदार "सेम आहे सर" म्हणेल, तर ऐकू नकोस. तुझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहेच, तिथंच लावून डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव बघ, मग पैसे दे. जमलं तर मशीनच्या आत बसणारं पॅरलल पोर्टचं पीसीआय एक्सप्रेस कार्डही बघ, पण आमचं नवं मशीन लहान आहे, त्यात खाच आहे का ते मी उघडून बघून तुला मेसेज करतो. बिल पेढीच्या नावानं घे.

काकूंना नमस्कार सांग. त्यांच्यासाठी पाच किलोचा रवा बाजूला काढून ठेवलाय, बिनकेमिकलचा, रंगानं काळपट आहे म्हणून नाकं मुरडू नका.

तुझा,
प्रक्या